टिकारामचा हात आणि नवा प्लेयर

"दुपारी चहाले या, भाऊराव. आमच्या सासूबाईचं गाणं ऐकवतो. नवीन प्लेयर बसवून राहिलो आज. असा, की गाण्याले मधात साधी उचकी लागणार नाही."

टिकारामनं हे सांगितलं एकट्या शेजारच्या भाऊरावांना, पण दुधाच्या रांगेत उभं राहून सांगितलं आणि त्याचा आवाज मुळातच मशीनवर काम करणाऱ्याचा. त्यामुळे जबलपूरच्या खमरिया फॅक्टरीच्या त्या लाइनीतल्या निम्म्या क्वार्टर्सना आमंत्रण पोचलं.

"बाजारात घेतला का?" भाऊरावांनी विचारलं.

"बाजारात काय घेता? घरी बनवून राहिलो. लिनक्सवर. त्याचा कच्चा माल फुकट मिळते, आपण आपल्या हातानं जुळवायचा."

"हातानं," भाऊराव म्हणाले आणि दुधाची बरणी पुढं सरकवली. टिकारामच्या हाताबद्दल बोलायची सोय नव्हती.

तर आधी त्या हाताचं सांगतो. टिकाराम फॅक्टरीत मशीनवर आणि त्याच्या मशीनला एक लाल बटण. घंटी वाजली की ते दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबते. बाकीचे लोक घंटी ऐकतात, इकडेतिकडे पाहतात, मग बटण शोधतात. टिकारामचा हात घंटीच्या आधी निघतो म्हणतात. साहेबानं एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हाथ हो तो टिकाराम जैसा." झालं! तेव्हापासून तो हात घरीही कामावरच असे. कुकरची शिटी पुरी वाजली नाही तोच गॅस बंद. दारावरची बेल 'टिं' म्हणाली की दार उघडं, 'टाँग' म्हणायला तिला जागाच नाही. पहाटे शेवंताचा फोन उशाच्या खिडकीत वाजायचा, त्यातली कोणी बाई जेमतेम तोंड उघडायची आणि टिकारामचा हात झोपेतच तिकडे जाऊन तिचा गळा दाबायचा. शेवंता, म्हणजे त्याची बायको, मुकाट उठून डबा करायला लागायची.

आता गाणं. शेवंताची आई पार्वताबाई भंडाऱ्याकडच्या. साऱ्या वस्तीत त्यांच्यासारखा गळा नव्हता. शेवंताचं लग्न झालं आणि तिला जबलपूरला पाठवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी स्वतः रचून एक गाणं म्हटलं होतं आणि शेवंताचे वडील डोमाजी यांनी त्यावर खंजिरी वाजवली होती. वाजवताना रडत होते म्हणे, पण ठेका सोडला नाही. शेवंताच्या भावानं, विनयनं, ते कॅसेटवर भरून ठेवलं. पुढं डोमाजी गेले. मागल्या वर्षी पार्वताबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज म्हणजे नुसता श्वास. परवा त्या फोनवर तसंच श्वासाश्वासानं शेवंताला म्हणाल्या, "त्यातली तुझ्या बाबाची खंजिरी एकदा ऐकायची आहे गं. मंग झालं."

विनय त्यांना गोंदियाच्या गाडीनं घेऊन निघालाही होता. दुपारी पोचणार होते.

गाणं टिकारामच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. गोहलपुरच्या एका दुकानदारानं ते कॅसेटवरून उतरवून दिलेलं, पण पेनड्राइव्हवर देताना त्यानं त्याचे दोन तुकडे केले होते. जुन्या प्लेयरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या गाणी वाजवायच्या प्रोग्रामवर, लावलं की पहिला तुकडा संपे, एक आवंढा गिळल्यासारखी शांतता होई, मग दुसरा सुरू होई. आवंढा नेमका खंजिरीच्या ऐन रंगात. नवा प्लेयर म्हणे दोन तुकडे असे सांधतो की कळत नाही. पण तो तयार मिळत नव्हता, तयार मिळत होता तो जुनाच. नवा हवा तर त्याचं सोर्स, म्हणजे तो कच्चा माल, आणून घरी बांधायचं. टिकारामला एवढंच पाहिजे होतं.

"चाललाय न जुना," शेवंता कणीक मळता मळता म्हणाली. "आई ऐकून घेऊ दे. मंग करा काय करायचं ते."

"आईले उचकीवालं गाणं ऐकवू? अन् बाबाच्या खंजिरीत खंड पाडू? पटते का तुले?"

शेवंतानं कणकेवर आणखी पाणी शिंपडलं. टिकाराम असा बोलतो तेव्हा खरंच मनापासून बोलतो, हीच अडचण आहे.

कामाला सुरुवात झाली, ती त्याच्या सेक्शनच्या पद्धतीनं. त्याच्या सेक्शनमध्ये दोन दंडक. पहिला, नवा माल टेबलावर घ्यायच्या आधी जुन्या मालाचा कण राहता कामा नये. झाडून, पुसून, रिकामं. दुसरा, एकानं काम मोठ्यानं बोलायचं, दुसऱ्यानं डोळ्यानं पाहून तेच परत बोलायचं, मगच हात चालवायचा. घरात दुसरा माणूस म्हणजे शेवंता. ती स्वयंपाकघरात होती, म्हणून डोळ्यानं पाहायचं तेवढं राहिलं.

"जुना प्लेयर काढून टाकणे," टिकाराम बाहेरच्या खोलीतून ओरडला.

"जुना प्लेयर काढून टाकणे. बरोबर," आतून आवाज आला.

एंटर.

"त्याचं फोल्डर, आतल्या सगळ्या मालासकट, साफ करणे."

"फोल्डर, मालासकट, साफ. बरोबर. आलू किती घालू, आई तिखट खात नाही आता."

"दोन घाल." एंटर. "टेबल रिकामं!"

टेबल किती रिकामं झालं होतं, ते टिकारामला कळायला अजून दोन तास होते.

नव्या प्लेयरची जुळणी सुरू झाली. प्लेयरनं पहिल्याच पायरीवर हात वर केले. म्हणे, माझी एक लायब्ररी, म्हणजे जोडभागांची पेटी, नाही तुमच्याकडं, ती आणा. आणली. ती आली आणि म्हणाली, माझी मोठी बहीण राहिली. तिला आणलं, तर तिचा नवरा पाहिजे, तोही नव्या छापाचा, जुना चालणार नाही. एका पाहुण्याला बोलवावं आणि सारं गाव जीपमध्ये बसून यावं, तसं चाललं होतं. टिकाराम मागवत गेला. स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी धो धो पळू लागल्या. मधेच लाल अक्षरात चूक यायची, की टिकारामचा हात आपोआप थांबवायच्या बटणावर! मग सगळं पहिल्यापासून.

"काहून थांबवता घडीघडी?" शेवंतानं डोकावून विचारलं.

"लाल दिसलं की हात जाते माझा."

"मंग हात खिशात ठेवा."

त्यानं खरंच एक हात खिशात घातला आणि दुसऱ्यानं काम पुढं रेटलं. शेवटी ओळी थांबल्या, लाल काही उरलं नाही. टिकारामनं नाव टाइप केलं, एंटर मारलं आणि नवा प्लेयर उघडला. काळाभोर, चकचकीत, गोल गोल बटणं. टिकारामला भरून आलं.

"शेवंता, ये पाहाले. हो गया काम."

शेवंता लाटणं हातात घेऊन आली. दोघं पाहत राहिली. प्लेयर सुंदर होता. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, गाणी: शून्य.

"शून्य काहून?" शेवंता म्हणाली.

"आता त्याले गाण्याचं फोल्डर दाखवायचं असते." टिकारामनं ऐटीत बटण दाबलं. फोल्डर दाखवायला गेला. फोल्डर नव्हतं. दुसरीकडं पाहिलं. तिकडंही नव्हतं. मग त्याला आठवलं. ज्या सेक्शनचा माल त्या सेक्शनच्या गोदामात, या शिस्तीनं त्यानंच ती गाणी जुन्या प्लेयरच्या फोल्डरात ठेवली होती. आणि ते फोल्डर, आतल्या सगळ्या मालासकट, साफ. बरोबर.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?"

"गाणं."

शेवंता होती तिथंच खाली बसली. लाटणं मांडीवर. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सवय होती.

"बॅकअप म्हणत होते न तुमी? मोठ्या तोऱ्यात सांगत होते, बॅकअप आहे म्हणून."

"आहे न. होता. त्याच फोल्डरात होता. हाताशी असावा म्हणून."

"अन् कॅसेट?"

कॅसेटचं काय झालं हे तिलाही माहीत होतं. गाणं कॉम्प्युटरमध्ये आलं त्याच आठवड्यात टिकारामनं 'आता हिचं काय काम' म्हणून ती कबाडीला भंगारात दिली होती. पेनड्राइव्ह पुसून त्यावर लिनक्स भरलं होतं. टेबल सगळीकडून रिकामं होतं.

शेवंतानं मांडीवरचं लाटणं हातात घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? हे गाणं आणखी कुठं आहे का? नीट आठवून सांगा."

"कुठंच नाही गं. जगात कुठंच नाही."

"तुमाले रोज..." ती बोलायला लागली आणि थांबली. "बरं," म्हणून उठली आणि पोळ्या लाटायला आत निघून गेली.

धक्क्यानं तिचं डोकं फिरलं, असं टिकारामला वाटलं. बापाची खंजिरी गेली आणि बाई पोळ्या लाटून राहिली! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पण उभं राहून भागणार नव्हतं, गाडी निघाली होती. त्यानं गोहलपुरच्या दुकानदाराचा नंबर शोधून लावला.

"हाँ जी, बोलिए. हाफ प्लेट या फुल?"

"भैया, वो कॅसेटवाली दुकान..."

"वो तो कब की उठ गई. अब मोमो मिलते हैं. स्टीम या फ्राय?"

मग विनयचा फोन आला. टिकारामनं मनातल्या मनात विनवणी केली की गाडी लेट असू दे, बालाघाटच्या जंगलात अडकू दे, उद्या येऊ दे. ही गाडी वेळेवर आल्याचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

"भाऊजी, पोचलो आमी. गाडी टायमाच्या आधीच आली आज. ऑटोत बसून राहिलो. आई तर म्हणते, चहा नको, आधी गाणं."

टिकाराम तसाच चपला अडकवून भाऊरावांच्या दारात गेला. भाऊरावांनी दार उघडायच्या आत म्हणाला, "भाऊराव, तुमाले खंजिरी वाजवता येते का?"

"मले? ताट वाजवता येते. काहून?"

"चालते. ताट घेऊन मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात बसा. मी इकडं प्लेयरचं बटण दाबलं की तिकडं वाजवा. गाणं म्हणायचं नाही. पार्वताबाईले मी सांगतो, आवाजाची बाजू खराब झाली, खंजिरीची तेवढी राहिली."

"टिकाराम भाऊ," ते म्हणाले, "ज्या बाईनं जन्मभर नवऱ्याची खंजिरी ऐकली, तिले माझं ताट ऐकवता? मी येतो, पण चहालेच येतो."

टिकाराम परत आला तेव्हा ऑटो दारात उभा होता.

पार्वताबाई बारीक झाल्या होत्या. गळ्याला सुती रुमाल, डोक्यावर पदर. लेकीच्या गालावरून हात फिरवला, जावयाला नमस्कार केला, पाय धुतले आणि पाणीही न पिता कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. विहारात बसतात तशा, हात जोडून. समोर काळाभोर प्लेयर आणि गाणी शून्य.

"यात दिसून नाही राहिलं काही, जावईबापू," त्या श्वासाश्वासानं म्हणाल्या.

"होते आई, आता होते. गरम होऊन राहिला तो."

पाच मिनिटं तो गरम झाला. टिकारामनं उगीच दोन बटणं दाबली, एक वायर काढून परत तीच लावली. विनय म्हणाला, "भाऊजी, स्पीकर तर बंद आहे." टिकारामनं स्पीकर चालू केला. स्पीकरमधून नुसती घूं घूं यायला लागली. पार्वताबाईंनी ती घूं घूंसुद्धा डोळे मिटून, मान कलती करून ऐकली. या घूं घूंमधून आता खंजिरी येईल, असं वाटलं असेल त्यांना.

ते पाहिलं आणि टिकारामच्यानं राहवलं नाही. त्यानं स्पीकर बंद केला आणि सासूबाईंसमोर जमिनीवर बसला.

"आई, गाणं नाही यात. होतं. मी आज सकाळी माझ्या हातानं पुसलं. कॅसेटही मीच फेकली. मले माफ नका करू वाटलं तर."

पार्वताबाईंनी डोळे उघडले. नुसता गळ्यावरचा रुमाल चाचपला. "भाऊजी, बाबाची खंजिरी..." एवढंच विनय म्हणाला आणि खिडकीकडं वळला. घरात आलूची भाजी उकळल्याचा तेवढा आवाज होता.

मग शेवंता पदराला हात पुसत बाहेर आली. खिडकीतला तिचा बटणांचा फोन उचलून तिनं आईच्या मांडीवर ठेवला.

"यात आहे," ती म्हणाली. "गोहलपुरच्या त्या भैयानंच टाकून दिलं होतं. 'दीदी, फोन में भी डाल दूँ?' म्हणाला, मी म्हटलं टाक. तुकडे न करता, पुरं. तेव्हापासून पाचच्या अलार्मले लावून ठेवलं मी. आई रोज मले हाक मारून उठवते."

टिकारामचा चेहरा त्या वेळी फोटो काढून फॅक्टरीच्या गेटवर लावण्यासारखा झाला होता. रोज पहाटे तो जिचा गळा दाबत होता, ती बाई त्याच्यासमोर खुर्चीवर बसली होती.

"तू सकाळी काहून नाही सांगितलं?" त्याला एवढंच सुचलं.

"विचारलं न. रोज ऐकता तुमी, एका उशीचं अंतर. मले वाटलं, आठवेल. नाही आठवलं. मंग म्हटलं, आईले स्वतः सांगतात का ते तरी पाहू."

"दे इकडं, मी फाइल काढतो..."

"हात नाही लावायचा!" शेवंतानं फोन मागं ओढला. दिवसभरात ती तेवढी एकदाच ओरडली.

"मी पाहू का, ताई?" विनय म्हणाला.

"तूबी नको. मले अलार्म लावता येते, अलार्मच लावते. जसं वाजते तसं वाजू द्या."

तिनं दोन मिनिटांपुढचा अलार्म लावला आणि फोन टेबलावर, नव्या प्लेयरच्या पुढ्यात ठेवला. चौघं फोनकडं पाहत बसली. कोणी हललं नाही. पार्वताबाईंनी डोळे मिटले. टिकाराम अगदी जवळ जाऊन बसला, जन्मात पहिल्यांदा तो ते गाणं उचकीविना ऐकणार होता.

फोन थरथरला. आणि त्यातून तो आवाज आला, भरलेला, मोकळा, तरुण बाईचा.

"शेवंता गं माझे बाई..."

आणि टिकारामचा हात गेला.

शपथेवर सांगतो, त्याच्या मनात काही नव्हतं. घंटी वाजली, हात गेला. मेंदूला कळायच्या आत बटण दाबलं गेलं होतं आणि खोलीत शांतता होती. टिकारामनं स्वतःच्या हाताकडं असं पाहिलं, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा.

विनयनं डोक्याला हात लावला. शेवंतानं भिंतीला.

"अन् मी म्हणत होती," शेवंता म्हणाली, "मले पहाटे बाबाची खंजिरी कधीच ऐकू काहून येत नाही. पहिल्या दोन ओळींनंतर आहे न ती."

"आता?" टिकाराम रडवेला झाला होता.

"आता काय? दहा मिनिटांनी परत वाजते तो. रोज वाजते. मी तोवर उठून बंद करते, तुमची झोप मोडू नये म्हणून."

पार्वताबाईंनी डोळे उघडले. त्या हसत होत्या. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. हसता हसता त्यांनी वाकून जावयाचा उजवा हात धरला, स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट पकडून ठेवला. डावा हात शेवंतानं धरला. असे दोन्हीकडून पकडलेले टिकारामराव दहा मिनिटं जमिनीवर बसून होते. त्यांच्या नाकावर माशी बसली, तीही तशीच बसून राहिली.

फोन परत थरथरला. उजव्या हातानं एक जोराचा झटका मारला, पण म्हातारीची पकड शेतातली होती.

"शेवंता गं माझे बाई, गाडी लागली फाट्याला,
बाप तुझा घरामागं, पाणी डोळ्याच्या काठाला..."

आणि मग खंजिरी आली. आधी हळू, कोणी दाराआडून विचारावं तशी, मग भरात. शेवंतानं तोंडावर पदर दाबला. पार्वताबाई आवाज न करता ओठ हलवत होत्या आणि मांडीवरच्या जावयाच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरत होती, डोमाजींचा तोच ठेका. तो हात आता पळायला पाहत नव्हता. निपचित पडून मार खात होता. टिकारामच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला त्याच्याकडं हात नव्हता.

गाण्यात कुठं तुकडा नाही, आवंढा नाही. तेवढ्यात चहाला म्हणून भाऊराव दारात आले. उंबऱ्यातच थांबले, टेबलावरचा काळाभोर चकचकीत प्लेयर पाहिला, गाणं ऐकलं आणि गाणं संपल्यावर मान डोलावली.

"मानलं, टिकाराम भाऊ," ते म्हणाले. "काय साफ वाजून राहिला नवीन प्लेयर. मधात थांबतच नाही."

टिकारामनं बायकोकडं पाहिलं. शेवंतानं डोळे पुसले, नवऱ्याचा डावा हात मात्र सोडला नाही.

"चांगला आहे, भाऊराव," ती म्हणाली. "फक्त त्याले दोन माणसं लागतात. यांचे हात धरून ठेवाले."